पिळाचें माप

घाट चढून आलेल्या एखाद्या जुन्या मोटारीचें झाकण उघडून पाहिलें तर एंजिनाच्या एका कुशीला चिकटलेली, हाताच्या पंजासारखी दिसणारी बिडाची जाड नळी दृष्टीस पडते. सिलिंडरांत जळून गेलेला वायु जितक्या तोंडांनीं बाहेर पडतो तितकीं बोटें या पंजाला असतात. पुढें तीं सारीं एका मनगटांत मिळतात, आणि तेथून तो वायु गाडीच्या पोटाखालून मागच्या धुराड्याकडे जातो. कारागीर या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. गाडी नुकतीच थांबली असेल तर तिला हात लावण्याची सोय नसते. भरधांव चाललेल्या पेट्रोलच्या एंजिनांत तिच्यांतून वाहणाऱ्या वायूची उष्णता ६०० पासून ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. एंजिनावर फार भार पडला तर अंधारांत ती नळी लाल झालेलीहि दिसते. अशा या आगीच्या वाटेला एंजिनाशीं धरून ठेवतात ते मात्र करंगळीहूनहि बारीक असे मोजके बोल्ट. ते किती आवळावे? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु मळसूत्र जन्मल्यापासून दोन हजार वर्षें होऊन गेलीं तरी या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत देतां येत नव्हतें, आणि तें देतां येऊं लागल्याला अजून सव्वाशें वर्षेंहि झालेलीं नाहींत.

या प्रश्नांत केवळ बोल्टाचा जीव गुंतलेला नाहीं. बोल्ट सैल राहिला कीं नळी व एंजिन यांच्या सांध्यांतून जळका वायु फुसफुसूं लागतो. चढावर एंजिन फट्‌फट् वाजूं लागतें, त्याचें एक वेळ सोडून द्यावें. परंतु त्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड नांवाचें जें विष असतें त्याला ना रंग, ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिन या तांबड्या द्रव्याला तें प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक आवेशानें चिकटतें. ज्याच्या श्वासांतून तें जातें त्याला आपण गुदमरत आहों हें कळतहि नाहीं. प्रथम डोकें जड होतें, मग झांपड येते. स्कॉटलंडचा शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यानें १८९० नंतरच्या दशकांत खाणींतील मृत्यूंचा छडा लावतांना हें विष स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले होते. तेव्हां कोठें या घातकी वायूची रीतभात जगाला कळली. थंड प्रदेशांतील कित्येक जुन्या मोटारींत, बसणारांना ऊब मिळावी म्हणून, याच तापलेल्या नळीभोंवतीं खेळवलेली हवा आंत सोडीत असत. एका एंजिनाच्या लहान विमानांत ही पद्धत अजूनहि चालते. तेथें नळी तडकली किंवा सांधा उसवला कीं ऊब आणि मृत्यु एकाच वाटेनें आंत येतात.

मग बोल्ट अंगांतील सारा जोर लावून आवळावा म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. नवशिक्या नेमका हेंच करतो. बोल्ट प्रथम घट्ट होतो, आणखी पिळला तर एकाएकीं मऊ लागूं लागतो, आणि मग डोकें हातांत येऊन बुंधा एंजिनाच्या आंत राहतो. गंजानें घट्ट धरलेला तो बुंधा मधोमध भोंक पाडून, आजूबाजूचे आटे न दुखवतां बाहेर काढणें याच्याइतकें कंटाळवाणें काम गॅरेजमध्यें दुसरें क्वचितच असेल. तेव्हां सैल नको आणि तुटेपर्यंतहि नको. या दोन टोकांमध्यें नेमकी जागा कोणती, आणि ती ओळखावयाची कशी, हा खरा प्रश्न.

मळसूत्राची मूळ कल्पना फार जुनी आहे. पाणी वर चढविणाऱ्या मळसूत्राला आर्किमिडीजचें नांव लागलेलें आहे. अलेक्झांड्रियाच्या हीरोनें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत तेल व द्राक्षरस काढण्याच्या मळसूत्री दाबयंत्राचें, आणि लांकडांत आंतले आटे पाडण्याच्या हत्याराचेंहि वर्णन करून ठेवलें. पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गनें जर्मनींत छापखाना उभारला तोहि अशाच मळसूत्राच्या जोरावर. हिंदुस्थानांत कापसांतून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्याच्या दोन लाटांना टोकाशीं मळसूत्रासारख्या तिरप्या खांचा कोरून त्या एकमेकींत अडकविण्याची युक्ति शतकानुशतकें चालत आली होती, आणि कानांतल्या दागिन्याची मळसूत्री फिरकी कोणत्या घरांत माहीत नव्हती? परंतु हीं सारीं मळसूत्रें हातानें कोरलेलीं. ज्या कारागिरानें बोल्ट केला त्यानेंच त्याचा नट करावयाचा, आणि ती जोडी जन्माची. एका बोल्टाचा नट दुसऱ्यावर चढत नसे. यंत्र उकललें कीं प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे, आणि खूण पुसली गेली तर दुरुस्ती करणाराच्या कष्टाला पारावार नसे. मॉडस्लेच्या हाताखालीं शिकलेला जेम्स नॅस्मिथ यानें आपल्या आत्मवृत्तांत ही दुर्दशा नमूद करून ठेवली आहे.

ती ज्यानें संपविली तो हेन्री मॉडस्ले १७७१ सालीं लंडनजवळच्या वूलिच येथें जन्मला. बाराव्या वर्षीं तो तेथील शस्त्रागारांत काडतुसें भरण्याच्या कामावर लागला. तेथून सुतारकाम, तेथून लोहारकाम असें करीत करीत अठराव्या वर्षीं तो लंडनमधील कुलुपें बनविणारा जोसेफ ब्रामा याच्याकडे आला. ब्रामाचें कुलूप न उघडणारें म्हणून प्रसिद्ध होतें. परंतु तें स्वस्तांत व बिनचूक करणारीं यंत्रें सिद्ध झालीं तीं मॉडस्लेच्या हातून. संसार वाढला तेव्हां आठवड्याला ३० शिलिंगांवरून पगार थोडा वाढवावा अशी विनंति त्यानें केली. ती नाकारली गेली. १७९७ सालीं त्यानें नोकरी सोडली व स्वतःचें दुकान थाटलें. एका मालकाचा तो हिशेब चुकला नसता तर पुढचा इतिहास कांहीं वर्षें तरी लांबला असता.

मॉडस्लेनें जो लेथ बनविला त्यांत हत्यार कारागिराच्या हातांत नसे. तें एका सरकत्या बैठकीवर घट्ट बसविलेलें असे, आणि ती बैठक पुढें सरके ती एका लांब, बिनचूक मळसूत्राच्या फिरण्यानें. मधलीं दांत्यांचीं चाकें बदललीं कीं त्याच एका मळसूत्रावरून हवे तेवढे दाट किंवा विरळ आटे पाडतां येत. मळसूत्रापासून मळसूत्र जन्मूं लागलें, आणि आईचा गुण मुलीकडे उतरूं लागला. ज्योतिषाच्या उपकरणांवरील रेघा आंखण्यासाठीं त्यानें पांच फूट लांब व दोन इंच व्यासाचें एक मळसूत्र कापलें. त्यावर इंचाला ५० आटे होते, आणि त्याचा नट १२ इंच लांब, म्हणजे ६०० आट्यांचा होता. त्यानें करून ठेविलेल्या बारीक मोजमापाच्या यंत्राला दुकानांतले लोक 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत. मापाविषयीं वाद निघाला कीं शेवटचा निकाल त्याचा.

त्याच दुकानांत १८२५ च्या सुमारास जोसेफ व्हिटवर्थ नांवाचा तरुण काम करूं लागला. पुढें १८३३ सालीं मँचेस्टरला त्यानें आपला कारखाना काढला. एका दुकानांतले सगळे नट सगळ्या बोल्टांवर चढूं लागले होते खरे. पण शेजारच्या दुकानांतले चढत नव्हते. प्रत्येक कारखानदाराला आपलेच आटे उत्तम वाटत. व्हिटवर्थनें इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, त्यांच्या आट्यांचे कोन व दाटपणा मोजला, आणि कोणाचीच बाजू न घेतां सर्वांची सरासरी काढली. कोन ५५ अंशांचा ठरला. आट्याचें शिखर व तळ गोलसर ठेवावयाचा. पाव इंची बोल्टाला इंचास २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. ही योजना त्यानें १८४१ सालीं लंडनच्या सिव्हिल एंजिनियरांच्या संस्थेपुढें मांडली. सरासरी काढून सत्य मिळत नाहीं हें तर्कशास्त्र कितीहि खरें असलें, तरी येथें सत्य हवें होतें कोणाला? हवी होती ती सहमति. आगगाड्यांच्या कंपन्यांनीं ती पद्धत उचलली. क्रायमियाच्या युद्धांत, १८५४ ते १८५६ या काळांत, इंग्लंडच्या आरमाराला तोफबोटींचीं नव्वद एंजिनें घाईनें हवीं होतीं. जॉन पेन या एंजिनकारानें नमुन्याचें एंजिन उकलून त्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडे वांटून दिले. परत आलेले भाग एकमेकांत बसले, कारण सर्वांचे आटे व्हिटवर्थचे होते.

मुंबईहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी निघाली ती विलायती एंजिनें जोडून, आणि त्या एंजिनांबरोबर व्हिटवर्थचे आटेहि या देशांत उतरले. पुढें शंभर वर्षें रेल्वेच्या व गिरण्यांच्या कारखान्यांतले मिस्त्री याच आट्यांवर पोसले गेले. इंग्रजी पान्यावर जो आंकडा कोरलेला असतो तो नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो, ही खोंच त्यांना कोणी पुस्तकांतून शिकविली नाहीं, हातच शिकला.

अमेरिकेनें मात्र निराळी वाट धरली. फिलाडेल्फियाचा यंत्रकार विल्यम सेलर्स यानें १८६४ च्या एप्रिलमध्यें तेथील फ्रँकलिन संस्थेपुढें आपले आटे मांडले. कोन ६० अंशांचा, शिखर गोल नव्हे तर सपाट. त्याचें म्हणणें असें कीं ५५ अंशांचा कोन तपासणें कठीण, आणि शिखर गोल करण्यास कसबी हात व जादा हत्यारें लागतात. साठ अंशांचा त्रिकोण मात्र कोणालाहि आंखतां येतो, आणि सपाट शिखर साधा मजूरहि कापूं शकतो. एकीकडे कसबी कारागिराचा अभिमान, दुसरीकडे साध्या मजुराची सोय, असा हा सामना होता. ज्या देशांत कसबी हात महाग होते तेथें निकाल कोणत्या बाजूनें लागणार हें सांगावयास नको. १८६८ सालीं अमेरिकेच्या आरमारानें सेलर्सचे आटे पत्करले. तिसरीकडे युरोपांतील एंजिनियरांनीं १८९८ सालीं झुरिच येथें जमून मिलिमीटरांत मोजलेले साठ अंशांचे आटे ठरविले.

या फाटाफुटीची किंमत कधीं कधीं अवाच्या सव्वा पडली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टन व इतर शहरांतून आगीचे बंब धांवून आले, पण त्यांच्या नळांच्या तोंडाचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांवर बसेनात. दुसऱ्या दिवसापर्यंत पंधराशेंहून अधिक इमारती जळून गेल्या. पाणी होतें, माणसें होतीं, बंब होते. नव्हते ते एका मापाचे आटे. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां तोच घोळ झाला. अर्ध्या इंची बोल्टाला इंग्रजांचे आटे १२ आणि अमेरिकनांचे १३. तेव्हां एका दोस्ताच्या रणगाड्याचे बोल्ट दुसऱ्याच्या कोठारांत असून नसल्यासारखे. शेवटीं १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या तीन देशांनीं एकाच आट्याचा करार केला. कोन ठरला साठ अंशांचा. व्हिटवर्थच्या सरासरीनें एक शतक गाजवून सेलर्सच्या त्रिकोणापुढें मान तुकविली.

आट्यांचें माप असें मिळालें. परंतु ते आटे किती जोरानें आवळावे याचें माप कोठें होतें? लंडनच्या रॉबर्ट हूकनें १६७८ सालींच याची किल्ली देऊन ठेवली होती. ताण जितका वाढवावा तितकी स्प्रिंग लांबते, असा त्याचा नियम. बोल्ट हा स्प्रिंगच आहे. फक्त इतका ताठ कीं त्याचें लांबणें डोळ्यांना दिसत नाहीं. नट फिरविला कीं बोल्ट केसभर ताणला जातो, आणि पुन्हां आंखडण्याची त्याची जी धडपड तीच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. नट धरून ठेवतो असें आपण म्हणतों, परंतु धरतो तो बोल्टाचा ताण. म्हणूनच अर्धवट आवळलेला बोल्ट बहुधा जोराच्या आवळण्यापेक्षांहि अधिक धोक्याचा असतो. पुरता ताणलेला असला तर एंजिनाच्या प्रत्येक हिसक्याचा बराचसा भाग दाबलेले भागच सोसतात व बोल्टाच्या ताणांत थोडाच फरक पडतो. सैल असला तर प्रत्येक हिसका त्याच्यावरच येतो, आणि लाखों हिसक्यांनीं धातु थकून एक दिवस तो मोडतो. बोल्ट तुटला, म्हणजे फार आवळला होता, हा बाजारांतला निर्णय म्हणूनच पुष्कळदां उलटा असतो.

जुन्या हत्यारकारांना हें सारें अंदाजानें ठाऊक असावें, कारण त्यांनीं पान्यांच्या लांबींतच एक शहाणपण दडवून ठेवलें. लहान नटाचा पाना आंखूड, मोठ्याचा लांब. साधारण माणसानें साधारण जोर लावला तर त्या त्या बोल्टाला सोसेल एवढाच पीळ बसावा, अशी ती तजवीज होती. आंखूड पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा तुकडा चढवून तो लांब करणारा मनुष्य हत्यारकाराचें हें मूक सांगणेंच मोडून काढतो.

आंकड्यांतलें माप आलें तें मोटारीच्या कारखान्यांतून नव्हे, तर न्यूयॉर्क शहराच्या रस्त्यांखालून. तेथील पाणीपुरवठा खात्यांत कॉन्रॅड बार नांवाचा मनुष्य काम करीत असे. जमिनीखालच्या मोठ्या नळांचे सांधे जोडतांना कामगार बोल्ट वाजवीपेक्षां अधिक पिळीत आणि ते मोडून जात. हें थांबविण्यासाठीं १९१८ सालीं त्यानें पीळ मोजणारा पाना काढला. पुढें १९३७ सालीं जॉर्ज फेफर्ली याच्यासह, ठरविलेला पीळ भरतांच खट्‌कन सुटणाऱ्या पान्याचें पेटंट त्याला मिळालें. दरम्यान मोटारींच्या धंद्यांतहि ही निकड भासूं लागली होती. सिलिंडरांवरचें झाकण एका बाजूला अधिक व दुसऱ्या बाजूला कमी आवळलें तर गोल घांसून ठेवलेला सिलिंडर सूक्ष्म प्रमाणांत वांकडा होतो. क्रायस्लर कंपनींत याच काळांत एक अगदीं साधा पाना तयार झाला. त्याचा दांडा जोरानें किंचित् वांकतो, आणि शेजारचा मोकळा कांटा त्या वांकण्याचा आंकडा पट्टीवर दाखवितो. पॉल स्टर्टेव्हंट या विक्रेत्यानें तो १९३८ सालीं पेटंट घेऊन बाजारांत आणला. हूकचा नियम पान्याच्या दांड्यावरच कोरला गेला म्हणावयाचा! याच क्रायस्लर कंपनीशीं करार करून वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्यापूर्वीं १९२८ पासून शिवडीस जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणी होत होतीच.

हा पीळ 'फूट-पौंडां'त मोजीत. एक फूट लांब पान्याच्या टोकावर वीस पौंडांचा भार दिला म्हणजे वीस फूट-पौंड झाले. धुराच्या नळीच्या सुमारें तीन अष्टमांश इंची बोल्टांना साधारण वीस ते तीस फूट-पौंड पुरतात. पुरुषाच्या मनगटाला हें कांहींच नव्हे, आणि घात होतो तो त्यामुळेंच.

तथापि आंकडा मिळाला म्हणजे सत्य मिळालें असें नव्हे. पान्यानें दिलेल्या पिळापैकीं सुमारें निम्मा बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणांत जातो, आणखी चार दशांश आट्यांच्या घर्षणांत. बोल्टाला ताणण्याच्या खऱ्या कामाला उरतो तो जेमतेम दशांश. आतां आट्यांना तेल लावलें तर काय होईल? घर्षण घटेल, आणि वाचलेला सगळा पीळ ताणण्याकडे वळेल. म्हणजे कोरड्या आट्यांसाठीं छापलेला आंकडा तेलकट बोल्टावर जसाच्या तसा वापरला तर बोल्ट तुटण्याची पाळी येते. आणि गंजलेल्या बोल्टावर तोच आंकडा भरला तरी बोल्ट ताणलेलाच नसतो. नुसत्या हाताच्या अंदाजानें आवळलेल्या बोल्टाच्या ताणांत शेंकडा ३५ पर्यंत फरक पडतो असें एंजिनियर धरून चालतात, आणि पीळमापक पान्यानें आवळलेल्या बोल्टांत शेंकडा २५. जुन्या मिस्त्रीला हा हिशेब सांगितला तर तो मिशींतल्या मिशींत हंसेल, आणि त्याचें हंसणें अगदींच गैरवाजवी ठरणार नाहीं. फरक इतकाच कीं, पस्तीसाचा आंकडा सर्व हातांचा धरलेला आहे, आणि गॅरेजांतला प्रत्येक हात त्याचा नसतो.

धुराच्या नळीचा प्रश्न याहूनहि बिकट. एंजिनाचें अंग पाण्यानें थंड राखलेलें असतें. तें शंभर अंशांच्या आसपासच राहतें. नळीचें बीड मात्र पांचशें अंशांनीं सहज तापतें. साठ सेंटिमीटर लांबीची बिडाची नळी एवढी तापली तर सुमारें तीन मिलिमीटर वाढते. तिला चिकटलेलें बिडाचेंच एंजिन अर्धा मिलिमीटरहि धड वाढत नाहीं. तेव्हां घाट चढतांना नळी बोल्टांच्या डोक्यांखालून दोन्ही टोकांकडे सरकते, आणि थांबलें कीं पुन्हां आंत येते. तिला सरकूं दिलें नाहीं तर ती स्वतः तडकते किंवा टोकाचा बोल्ट मोडते. म्हणून टोकांकडचीं भोंकें लांबट किंवा ऐसपैस ठेवतात. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीवर, जी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींच्या घरांत विकली गेली, ही नळी चार पकडींनीं दाबून धरलेली असे, आणि वर्षानुवर्षें तापून निवून ती मध्येंच वांकत असे. सरळ बसत नाहीं म्हणून मालक पकडी अधिकच आवळी, आणि सांधा अधिकच गळे.

यापुढचा दुवा सापडला तो १९६९ सालीं. गेर्हार्ड युंकर या जर्मन एंजिनियरानें एक यंत्र करून दाखविलें कीं, नट सैल होतो तो वरखालीं बसणाऱ्या हादऱ्यांनीं तितकासा नव्हे. दाबलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकूं लागले म्हणजे. प्रत्येक आडव्या सरकण्याबरोबर आट्यांतलें घर्षण क्षणभर नाहींसें होतें, आणि तेवढ्या अवधींत ताणलेला बोल्ट आपला पीळ किंचित् उलगडून घेतो. ज्या फुटक्या स्प्रिंग-वॉशरांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा भरंवसा होता ते या परीक्षेंत फारसे उपयोगी ठरले नाहींत. धुराच्या नळीचे बोल्ट वारंवार कां सैल पडतात, हें कोडें येथें उलगडतें. आडवें सरकणें हा तर त्या नळीचा नित्यक्रमच. प्रत्येक प्रवासांत एकदां बाहेर, एकदां आंत.

त्यांत पुन्हां मधल्या पातळ पट्टीची, म्हणजे गॅस्केटची, भर असते. पूर्वीं ती तांबें व ॲस्बेस्टॉस यांची करीत. ॲस्बेस्टॉसचे तंतु फुप्फुसांत जाऊन कर्करोग करतात हें सिद्ध झाल्यावर तिची जागा ग्रॅफाइटनें व पोलादाच्या पातळ पत्र्यांनीं घेतली. पण जुन्या गाडीचा सांधा खरवडतांना ती धूळ कोरडी उडूं देऊं नये. पट्टी कोणतीहि असो, पहिल्यानें तापली कीं ती थोडी दबते. जितकी ती दबेल तितका बोल्टाचा ताण कमी होतो.

या सगळ्या दोन हजार वर्षांतून गॅरेजांत उतरलेली रीत अशी: दोन्ही अंगें स्वच्छ व सपाट आहेत कीं नाहींत तें पट्टी लावून पाहावें. आटे तारेच्या ब्रशानें मोकळे करावे. पितळेचे किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट वापरावे. पोलादाच्या स्टडवर ते गंजून धरत नाहींत. आट्यांना उष्णता सोसणारें वंगण लावलेंच, तर छापील आंकड्यापेक्षां कमी पीळ द्यावा. सगळे बोल्ट प्रथम हातानेंच बसवावे. मग मधल्यापासून आरंभ करून, एकदां डावीकडचा, एकदां उजवीकडचा, असे टोकांकडे जात पहिल्या फेरींत निम्मा पीळ द्यावा व दुसऱ्या फेरींत पुरा. टोकापासून आरंभ केला तर मध्यें राहिलेला फुगवटा कोंडला जातो, आणि त्याला बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. गाडी पांचदहा मैल फिरवून आणावी, एंजिन पुरतें निवूं द्यावें, आणि गाडी बनविणारानें मनाई केलेली नसेल तर त्याच क्रमानें पुन्हां एकवार पाना लावावा. दुसऱ्या खेपेला बहुधा प्रत्येक नट थोडा फिरतो; आणि सर्वांत अधिक फिरतात ते दोन टोकांचे.